छिन सैन्याच्या शस्त्रांवर क्रोमचा मुलामा होता का?

प्रश्न : चीनमधील शिआनजवळच्या मातीच्या सैनिकांच्या संग्रहालयात कांस्याच्या तलवारी पाहिल्या. त्या जवळजवळ चकचकीत आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी चिनी कारागिरांना क्रोमचा मुलामा देण्याची विद्या अवगत होती, असे मार्गदर्शकाने सांगितले. हे खरे आहे का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : हे खरे नाही, मात्र ही समजूत निराधारही नव्हती. 1974 मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना हे सैनिक, म्हणजे छिन या प्राचीन चिनी राजवटीच्या पहिल्या सम्राटाचे मातीचे सैन्य, सापडले आणि पुढील उत्खननात मिळालेल्या काही शस्त्रांच्या पृष्ठभागावर क्रोमियम आढळले. त्यावरून गंज रोखण्यासाठी ते मुद्दाम चढवले असावे, असा तर्क करण्यात आला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या आणि संग्रहालयाच्या संशोधकांनी 464 शस्त्रे व त्यांचे भाग तपासून 2019 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. केवळ 37 वस्तूंवर क्रोमियम होते आणि त्यांतील बहुतेक भाग लाकडी मुठी, दांडे किंवा म्यान यांना लागून असलेले होते. लाकडावर झाडाच्या चिकाचा जो लेप दिला जाई, त्यातून ते आले होते. उलट अतिशय सुस्थितीतील कित्येक पात्यांवर क्रोमियमचा मागमूसही नव्हता.

मग पाती टिकली कशी? कांस्यातील कथिलाचे मोठे प्रमाण, तसेच तिथल्या मातीचा किंचित अल्कधर्मी गुण, बारीक कण आणि त्यात सेंद्रिय द्रव्य कमी असणे, ही कारणे संशोधकांनी दिली आहेत. कांस्याच्या प्रतिकृती शिआनच्या आणि ब्रिटनच्या मातीत ठेवून उष्णता व दमटपणा वाढवला, तेव्हा चारच महिन्यांत ब्रिटनच्या मातीतील तुकडे गंजले, शिआनच्या मातीतील मात्र जवळपास जसेच्या तसे राहिले.

मुलाम्याच्या कथेमुळे छिन कारागिरांचे खरे कर्तृत्व झाकले जाते, याचे आम्हांला मनापासून वाईट वाटते. क्रॉसबोचा, म्हणजे खटका ओढून बाण सोडणाऱ्या आडव्या धनुष्याचा, कांस्याचा खटका हे त्या दालनातील सर्वांत विचारपूर्वक घडवलेले यंत्र आहे. धनुष्याचे लाकूड कुजून गेले, खटके तेवढे उरले. एकमेकांत अडकणारे तीन हलते भाग आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या दोन खिळी, एवढीच त्याची रचना आहे. ताणलेली दोरी वरच्या दातांमागे अडकते. खालची पट्टी ओढली की अडसर सुटतो, दात पुढे झुकतात आणि दोरी निसटते. दोरीचा ताण खटक्यावर राहत असल्यामुळे सैनिकाला हाताच्या बळावर दोरी धरून ठेवावी लागत नसे आणि तो शांतपणे नेम धरू शकत असे.

खड्ड्यांत सुमारे 40,000 बाणांची टोके मिळाली, आणि त्यांचा एकसारखेपणा थक्क करणारा आहे. शत्रूला भेदणाऱ्या टोकात कथील जास्त, तर मागच्या काडीत कमी, म्हणजे एकाच बाणासाठी दोन वेगळे मिश्रधातू वापरलेले आहेत. एका भात्यातील टोकांचे रासायनिक घटक परस्परांशी जुळतात, दुसऱ्या भात्यातील टोकांशी तितके जुळत नाहीत. म्हणजे एका लांबलचक साखळीत प्रत्येकाने एकच भाग बनवण्याऐवजी कारागिरांचे लहान गट भाता पूर्ण करूनच देत असावेत. दर्जाची जबाबदारीही निश्चित केलेली होती : आडव्या पात्याच्या काही शस्त्रांवर महामात्य ल्यू बुवेइ, देखरेख करणारा अधिकारी आणि प्रत्यक्ष घडवणारा कारागीर, या सर्वांची नावे कोरलेली आहेत.