फॅक्शनची मारबत काढण्याआधी

प्रश्न असा आहे: तुम्ही तिघं मित्र नागपुरात वॉरहॅमर ४०,००० (छोट्या रंगवलेल्या सैन्यांचा, फाशांवर चालणारा टेबलावरचा युद्धाचा खेळ) खेळता, स्पर्धात्मक खेळ आणि गेम बॅलन्स (कुठलंही सैन्य फार भारी किंवा फार कमजोर पडू नये) यावर मराठी पॉडकास्ट काढायचा विचार आहे. दर आठवड्याला विन-रेट (शंभरातल्या किती गेम जिंकल्या ते) सांगायचे, कुठली फॅक्शन (सैन्याचा प्रकार) तगडी आणि कुठली बाद ते ठरवायचं, असा आराखडा. ऐकणारे मिळतील का आणि रेकॉर्डिंगचं काय करायचं, हे विचारलंय.

ऐकणारे मिळतील. किती, ते विचारू नका. मी आणि माझा एक जोडीदार दोन वर्षं असाच पॉडकास्ट चालवत होतो, धरमपेठेत त्याच्या गच्चीवरच्या खोलीतून. त्याची बदली झाली आणि कारभार आटोपला. ऐकणारे थोडे होते, पण जे होते ते एपिसोड एक दिवस उशिरा आला तर विचारायचे. त्यामुळे तुमच्या उत्साहावर पाणी टाकायला मी लिहीत नाहीये. आराखड्यावर मात्र टाकणार आहे.

विन-रेटचे आकडे इंग्रजीत दर आठवड्याला फुकट मिळतात. ज्याला हवेत तो मोबाइलवर दोन मिनिटांत बघतो. तेच आकडे तुम्ही शनिवारी मराठीत वाचून दाखवले, तर ते शिळ्या बातम्यांसारखं वाटेल. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे त्या आकड्यांना तुमच्या टेबलाबद्दल काहीच माहीत नसतं.

आमचीच फजिती सांगतो. दहावी आवृत्ती जून २०२३ मध्ये आली. त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या गटातल्या एकाची टाऊ आर्मी सुसाट सुटली. टाऊ म्हणजे लांबून गोळीबार करणारी मंडळी, हाणामारीत कच्ची. चौदा गेमांपैकी दहा त्याने जिंकल्या. आम्ही पूर्ण एपिसोड केला: टाऊ तुटलेली फॅक्शन आहे, कंपनी झोपलीय, वगैरे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालात निघते तशी मारबतच (इडापिडेचा पुतळा) काढली म्हणा ना. इडा पिडा घेऊन जा गे मारबत! तो बिचारा टाऊवाला त्यानंतर दोन आठवडे खेळायला आला नाही.

मग हैदराबादहून एकजण कामानिमित्त इकडे आला होता, तो आमच्याकडे एक गेम खेळला. टेबल बघून त्याने पहिला प्रश्न विचारला, "भिंती कुठेत?"

आमच्याकडे टेरेन म्हणजे थर्माकोलच्या दोन टेकड्या, काही झाडं आणि पुठ्ठ्याची एक देखणी टाकी. स्पर्धांमध्ये टेबलाच्या मधोमध आणि दोन्ही बाजूंना एल-आकाराच्या पडक्या इमारती असतात. त्यांच्यामागे अख्खं युनिट (सैनिकांची तुकडी) लपतं, पलीकडून दिसतच नाही. आमचं टेबल म्हणजे कस्तुरचंद पार्कचं मोकळं मैदान. लपायचं म्हटलं तर कशामागे? पहिल्याच टर्नला टाऊ समोरच्याची तिसरा हिस्सा आर्मी उचलून डब्यात टाकायला लावायची.

दुसरं कारण त्याहून लाजिरवाणं. खेळ पाच राउंडचा असतो. आम्ही गप्पा मारत, तर्री पोहे खात खेळायचो आणि तिसऱ्या राउंडला रात्र व्हायची. "चला, तुझेच पॉइंट जास्त, तू जिंकला" म्हणून आटपायचो. आता जी आर्मी सुरुवातीलाच जोर मारते तिला हे सोयीचंच. जी चिवटपणे टिकून चौथ्या-पाचव्या राउंडला पॉइंट गोळा करते, तिचा राउंड आमच्याकडे कधी उगवलाच नाही. स्पर्धेत साधारण तीन तासांची मर्यादा असते आणि बरेच खेळाडू बुद्धिबळाचं घड्याळ लावतात, ते उगाच नाही.

तिसरं कारण निव्वळ गणिताचं. साधं नाणं चौदा वेळा उडवलं, तर दहा किंवा जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता सुमारे ९ टक्के आहे. कमी वाटते ना? पण आमच्या गटात आठ फॅक्शन होत्या. प्रत्येकीने चौदा गेम खेळल्या असं धरलं, तर आठांपैकी निदान एकीला निव्वळ दैवाने असा हंगाम लाभण्याची शक्यता ढोबळमानाने निम्म्याहून जास्त निघते. म्हणजे कुणाची ना कुणाची मारबत निघण्याचीच शक्यता जास्त होती. त्या वर्षी टाऊचा नंबर लागला.

पुढच्या महिन्यात आम्ही एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी फळीच्या) भिंती कापून आणल्या आणि घड्याळ लावलं. त्यानंतरच्या नऊ गेमांत टाऊने चार जिंकल्या. हा नमुनाही छोटाच, त्यावरून मी काही सिद्ध करत नाही. एकदा तोंड पोळलंय.

हे क्रिकेटच्या भाषेत सांगितलं की लोकांना लगेच कळतं. नोव्हेंबर २०१५ मधली आपल्या नागपूरची, जामठ्याची कसोटी आठवा. दक्षिण आफ्रिका ७९ वर गारद, चारही डावांत मिळून २१५ ही सगळ्यात मोठी धावसंख्या, तिसऱ्या दिवशी खेळ खल्लास. अश्विनने सामन्यात १२ बळी घेतले. आयसीसीने त्या खेळपट्टीला ‘खराब’ असा शेरा दिला. त्या एका सामन्यावरून कुणी फिरकी गोलंदाजी हा प्रकारच खेळातून कमी करा म्हणालं असतं का? आधी खेळपट्टी बघितली जाते. मिनिएचर गेममध्ये टेरेन म्हणजे खेळपट्टी, मिशन म्हणजे सामन्याचा प्रकार आणि पहिला टर्न कुणाचा हे ठरवणारं दान म्हणजे नाणेफेक. या तिन्हींबद्दल काही न सांगता "अमुक फॅक्शन ५८ टक्के" म्हटलं, तर ऐकणाऱ्याने त्यातून काय घ्यायचं?

आकडे मुळीच नकोत असं माझं म्हणणं नाही. हा खेळ बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीने स्वतःच जाहीर केलंय की प्रत्येक फॅक्शनचा विन-रेट ४५ ते ५५ टक्क्यांच्या पट्ट्यात असावा असा त्यांचा प्रयत्न असतो, आणि २०२१ च्या अखेरपासून ते बॅलन्स डेटास्लेट (दुरुस्त्यांचं पत्रक) काढून वर्षातून काही वेळा नियम आणि पॉइंट (प्रत्येक युनिटची किंमत, गेममध्ये जिंकायचे पॉइंट वेगळे) दुरुस्त करतात. हा पट्टा ऐकणाऱ्यांना एकदा नीट समजावून सांगा, त्यावर एक अख्खा एपिसोड होतो. एकच फॅक्शन दोन्ही बाजूंना असेल तर ती गेम हिशोबातून का वगळायची (दोन्हीकडून तीच जिंकते आणि तीच हरते, आकडा उगाच ५० कडे ओढला जातो). साठ गेमांवर काढलेल्या टक्केवारीत दहा-बारा टक्क्यांची खालीवर सहज का होते. एखादी अवघड आर्मी फक्त मुरलेले खेळाडूच घेतात, म्हणून तिचा आकडा तिच्या खऱ्या ताकदीपेक्षा चांगला का दिसतो. हे मराठीत नीट सांगणारं माझ्या पाहण्यात कुणी नाही, आणि इथे तुमची खरी गरज आहे.

तसंच "पॉइंट वाढवले की झालं" हा समज. २०१५ मध्ये त्याच कंपनीचा एज ऑफ सिग्मार हा खेळ आला तेव्हा त्यात पॉइंटच नव्हते. ज्याला जितकी मिनिएचर आणायची तितकी त्याने आणावीत! वर काही नियम निव्वळ गंमतीचे. एका सरदाराचे हिट (वार) चुकले तर फासे पुन्हा टाकायची मुभा होती, पण कधी, तर तुमची मिशी समोरच्याच्या मिशीपेक्षा मोठी असेल तर. (आमच्या गटात यावर एकाने खरंच मिशी वाढवली होती. आर्मी त्याच्याकडे नव्हतीच.) वर्षभरात, २०१६ मध्ये, पॉइंट आणावे लागले. म्हणजे पॉइंटशिवाय चालत नाही. पण नुसत्या पॉइंटनेही सगळं सुटत नाही. राखीव युनिट शत्रूपासून नऊ इंचांपलीकडे उतरतं आणि चार्जसाठी (धावून हाणामारीला भिडायला) दोन फाशांवर नऊ किंवा जास्त लागतात. ते दान पडण्याची शक्यता २८ टक्क्यांच्या आसपास. रीरोल (फासे पुन्हा टाकायची मुभा) मिळाला की तीच ४८ टक्क्यांच्या घरात जाते. आता त्या युनिटचे पॉइंट दहा-वीसने वाढवा, नाहीतर रीरोल काढून घ्या. पहिल्यात खेळाडू २,००० पॉइंटांच्या लिस्टमधून (आर्मीच्या यादीतून) दुसरं काहीतरी छोटं काढतो आणि डाव तोच खेळतो. दुसऱ्यात त्याला डावच बदलावा लागतो. कंपनी कधी एक करते, कधी दुसरं, आणि कधी दोन्ही एकदम करून ती फॅक्शन पार झोपवते. २०२२ मध्ये लीग्ज ऑफ व्होटान ही नवी आर्मी दुकानांत नीट पोचण्याआधीच तिच्यावर कात्री चालवावी लागली होती. असं का झालं असेल यावर तुम्ही तिघं तासभर भांडू शकता, आणि ते भांडण ऐकायला मजा येईल.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. बॅलन्सचा नागपुरातला अर्थ वेगळा आहे. मोठ्या स्पर्धा खेळणारे बाहेरचे खेळाडू फॅक्शन नर्फ (नियम बदलून कमजोर) झाली की दुसरी घेतात, नाहीतर मित्राची उसनी आणतात. आपल्याकडे माणसाची एकच आर्मी असते. एकेक डबा मागवायचा, किंमत घरी अर्धीच सांगायची आणि रात्री जेवणानंतर रंगवायचं, असं करत दोन वर्षांत २,००० पॉइंट उभे राहतात. रंगवलेल्या आर्मीला १०० पैकी १० पॉइंट असतात, त्यासाठीही झटतात लोक. अशा माणसाची आर्मी एका डेटास्लेटने पडली, तर तो फॅक्शन बदलत नाही. तो यायचा बंद होतो. आठ जणांच्या गटातून एक गेला की एक टेबल बंद.

म्हणून तुमच्या पॉडकास्टने जगातली सगळ्यात तगडी लिस्ट सांगण्यापेक्षा पडलेल्या आर्मीने आपल्या इथल्या टेबलावर काय करावं ते सांगितलं, तर त्याचा उपयोग होईल. ज्याची आर्मी गाळात आहे त्यालाच पाहुणा म्हणून बोलवा. तो कुठल्या टर्नला, कशामुळे हरला ते त्याच्याच तोंडून काढून घ्या. आमचा सगळ्यात जास्त ऐकला गेलेला एपिसोड एका डेथ गार्ड आर्मीवाल्याचा होता, सलग अकरा गेम हरलेला. शेवटी त्याच्याच लक्षात आलं की तो प्रत्येक वेळी शत्रू मारायला जातो आणि ऑब्जेक्टिव्ह (जी जागा धरून पॉइंट मिळतात ती) मोकळं सोडतो. त्यात नियमांचा दोष अर्धाच होता.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या: एपिसोडच्या सुरुवातीला तिघांनी आपापली आर्मी सांगायची. टिरानिडवाला टिरानिडच्या नर्फवर बोलतोय हे ऐकणाऱ्याला माहीत असलं पाहिजे. आणि डेटास्लेट आला त्याच रात्री मत देऊ नका. दोन-तीन आठवडे खेळा, मग बोला.

भाषेचं म्हणाल तर नर्फ, बफ (ताकद वाढवणं), सेव्ह (वार वाचवायचं दान), मेटा (सध्या काय चालतं ते) हे शब्द तसेच राहू द्या. आम्ही पहिल्या एपिसोडला सेव्हसाठी ‘बचाव’ वापरून पाहिला, दोघंही हसत सुटलो, तो भाग कापावा लागला. पण जिथे आपला शब्द मुळातच आहे तिथे तो सोडू नका. फाशांना ‘दान’ पडतं. सारीपाटापासून पडत आलंय. "सहाचं दान पडलं" या वाक्यात जी मजा आहे ती "सिक्स रोल झाला" यात नाही.

ऐकणाऱ्याला टेबल दिसत नाही, हे बोलताना सारखं विसरायला होतं. रेडिओवरचे समालोचक आधी मैदान उभं करायचे, गोलंदाज कुठल्या बाजूने येतोय ते सांगायचे, तसं करा. साठ इंच बाय चव्वेचाळीस इंच टेबल, माझी बाजू अलीकडची, मधे भिंत, डावीकडे त्याचे रणगाडे. एवढं सांगून मग गेम सांगा. आणि प्रत्येक टर्न सांगू नका राजेहो. जिथे गेम फिरली तो एकच टर्न सांगा, बाकी दोन वाक्यांत.

रेकॉर्डिंगचं फार डोकं खाऊ नका. प्रत्येकाला वेगळा डायनॅमिक माइक, तोंडापासून चार बोटांवर. कंडेन्सर घेतला तर शेजारच्यांचा कुकरसुद्धा पाहुणा म्हणून येतो. तिघांचे ट्रॅक वेगळे ठेवा, सुरुवातीला एक मोठी टाळी वाजवा म्हणजे नंतर जुळवता येतात. ऑडॅसिटी फुकट आहे आणि पुरेसं आहे. आवाजाची पातळी उणे १६ लफ्सच्या (आवाज किती मोठा ऐकू येतो त्याचं माप) आसपास आणली की बसमध्येही ऐकू येतं. टेबलावर जाड सतरंजी टाका, फासे माइकपासून लांब.

खरा शत्रू कूलर. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात असताना कूलर बंद करून तासभर बसणं म्हणजे अघोरी साधना. आम्ही एकदा "थोडा आवाज चालेल" म्हणून चालू ठेवला आणि दीड तासाचं रेकॉर्डिंग फेकून दिलं. नॉइज काढायला गेलो तर आवाज डब्यातून आल्यासारखा झाला. त्यानंतर उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला बसायचो, चाळीस मिनिटं, खिडक्या बंद, अंगात बनियन.

आणि त्या एमडीएफच्या भिंतींपैकी चार अजून माझ्याकडे माळ्यावर पडून आहेत. एकीचा कोपरा उंदराने कुरतडलाय, पण ‘पडकी इमारत’ म्हणून तो उलट शोभतो. हव्या असतील तर इथेच कळवा.