गोळी मित्राने झाडली, हेल्मेट माझ्या डोक्यावर होते

प्रश्न : मी मुलुंडला राहतो, नोकरी करतो. टेक्ससमध्ये स्थायिक झालेल्या मामेभावाने सुट्टीत येताना थर्मल आणि नाईट व्हिजन बसवलेले हेल्मेट आणले आणि मला भेट दिले. शहापूर तालुक्यात माझ्या मित्राची भातशेती आहे. रानडुकरे पिकाची फार नासाडी करतात म्हणून गेल्या महिन्यात एका रात्री आम्ही तिघे तिथे गेलो. हेल्मेट घालून कळप कुठे आहे ते मी सांगत होतो. मित्राने त्याच्या परवान्याच्या बारा बोअर बंदुकीने गोळी झाडली. एक डुक्कर जखमी होऊन जंगलात पळाले, सापडले नाही. हेल्मेटमधले चित्रीकरण तिसऱ्या मित्राने व्हॉट्सॲपवर टाकले. आता मला सहाय्यक वनसंरक्षकांसमोर हजर राहण्याची नोटीस आली आहे. मी गोळी झाडलेली नाही, कुठला प्राणी मेलेलाही नाही. माझ्यावर गुन्हा होतो का? मूळ व्हिडिओ डिलीट करू का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथे वेळ महत्त्वाचा आहे. व्हिडिओ डिलीट करू नका. हेल्मेट कुणाकडे ठेवायला देऊ नका, फोन फॉरमॅट करू नका. पुरावा म्हणून मागितला जाऊ शकणारा इलेक्ट्रॉनिक अभिलेख नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरला आहे, म्हणजे वनखात्याकडे तो आहेच असे धरून चाला. मूळ फाइल पुसून तुमच्या हाती काही लागणार नाही, उलट आज जी गोष्ट नाही ती निर्माण होईल.

आता मुख्य प्रश्न. तुमच्या बोलण्यात एक समज दिसतो : प्राणी मेला नाही म्हणजे शिकार झाली नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची व्याख्या कलम २(१६) मध्ये आहे आणि ती फार रुंद आहे. मारणे, पकडणे, सापळा लावणे, हाकणे, आमिष दाखवणे, यांतला प्रत्येक प्रयत्न आणि प्राण्याला जखमी करणे हे सगळे शिकारीतच येते. गोळी लागून डुक्कर पळाले, तिथेच व्याख्या पूर्ण झाली.

गोळी तुमच्या हातून सुटली नाही, हे खरे. पण कलम ५२ म्हणते की गुन्ह्याला जो साहाय्य करतो त्याने तो गुन्हा केला असेच समजले जाईल. अंधारात कळप कुठे आहे हे फक्त तुम्हाला दिसत होते आणि तुमच्या सांगण्यावर नेम धरला गेला. त्यामुळे ‘मी नुसता बघत होतो’ हा बचाव न्यायालयात उभा राहील असे मला वाटत नाही, आणि तुम्ही त्यावर भिस्त ठेवू नये. बघ्या वेगळा आणि वाट दाखवणारा वेगळा.

मामेभावाने तुम्हाला सांगितले असेल की टेक्ससमध्ये हे सर्रास चालते. तिथे ते खरेच कायदेशीर आहे. तिथली रानटी डुकरे बाहेरून आणलेल्या डुकरांची प्रजा आहे, आणि २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने त्यांची शिकार करायला शिकारीचा परवानाही लागत नाही, रात्रीही नाही. आपले रानडुक्कर मूळचे इथले आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते अनुसूची २ मध्ये, म्हणजे अधिनियमाला जोडलेल्या संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे आणि कलम ९ खाली त्याची शिकार बंद आहे. परवाने काढून हौसेने शिकार करण्याची सोय १९९१ च्या दुरुस्तीनेच संपली.

शेतकऱ्याला मार्ग आहे, पण तो कागदातून जातो. अनुसूची २ मधला प्राणी जीविताला किंवा उभ्या पिकालाही धोका झाला असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कलम ११ खाली कारणे नमूद करून लेखी आदेशाने शिकारीला परवानगी देऊ शकतो. तुमच्या मित्राकडे असा आदेश होता का, हे आजच विचारा. असेल तर तो कुणाच्या नावे, कुठल्या क्षेत्रापुरता आणि किती मुदतीचा ते पाहायला हवे. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. हे मी गावोगावच्या शेतकऱ्यांना सांगत आले आहे आणि तरी हीच गल्लत सगळ्यात जास्त दिसते.

शिक्षेचे गणित जागेवर ठरेल. शहापुरात तानसा अभयारण्य आहे. गोळी अभयारण्याच्या हद्दीत झाडली गेली असेल तर किमान तीन वर्षे, कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. हद्दीबाहेर, मित्राच्या शेतात झाडली असेल तर कमाल तीन वर्षे किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि अशा प्रकरणात कलम ५४ खाली तडजोडीचा, म्हणजे पैसे भरून प्रकरण मिटवण्याचा, विचार होऊ शकतो. तो अधिकाऱ्याच्या इच्छेचा भाग आहे, तुमचा हक्क नाही. म्हणून शेताचा सातबारा, गट नंबर आणि नकाशा वकिलाच्या हाती लवकरात लवकर द्या.

हेल्मेट हे कायद्याच्या व्याख्येतले शस्त्र ठरेल असे मला वाटत नाही, पण ‘साधन’ ठरू शकते. गुन्ह्यात वापरलेले आणि जप्त झालेले वाहन, शस्त्र, सापळा वा साधन कलम ३९ खाली शासनाची मालमत्ता होते. मात्र नुसत्या जप्तीने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश शासन विरुद्ध मधुकर राव या २००८ च्या निकालात वाहनाबाबत म्हटले आहे. ज्या गाडीने गेलात ती जप्त झाली तर त्याचा आधार घेता येईल. हेल्मेटमागे आणखी एक प्रश्न आहे. अशी अनेक यंत्रे अमेरिकेत निर्यात-नियंत्रणाखाली येतात आणि परवान्याशिवाय देशाबाहेर नेणे तिथे गुन्हा आहे. आपल्याकडे विमानतळावर ते जाहीर केले नसेल तर सीमाशुल्क कायदा, १९६२ खालीही जप्ती होऊ शकते. भावाकडून खरेदीची पावती मागवा. खोटी पावती बनवू नका.

एक गोष्ट कायद्यापलीकडची, पण मला सांगितलीच पाहिजे. थर्मलमध्ये उष्णतेचा आकार दिसतो, चेहरा दिसत नाही. भाताच्या हंगामात त्या भागात माणसे शेतात राखणीला झोपतात. तिथे वाकलेला माणूस सापडला असता तर आज तुम्ही मला मनुष्यवधाबद्दल विचारत असता. आणि जखमी रानडुक्कर सरपणाला जाणाऱ्या बायकांसाठी फार धोक्याचे असते. ते कोणत्या बाजूला गेले ही माहिती वकिलामार्फत वनखात्याला लेखी कळवा.

हजर राहण्याआधी वकीलपत्र द्या आणि सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करायचा का ते वकिलाबरोबर ठरवा. सहाय्यक वनसंरक्षकांना वन्यजीव अधिनियमाच्या कलम ५०(८) खाली पुरावा नोंदवण्याचा अधिकार आहे, आणि आरोपीच्या समक्ष नोंदवलेला पुरावा पुढे खटल्यात ग्राह्य धरला जातो. पोलिसांपुढचा जबाब न्यायालयात टिकत नाही, या ऐकीव ज्ञानावर इथे विसंबू नका. खोटे बोलू नका. स्वतःला दोषी ठरवणाऱ्या प्रश्नाचे उत्तर न देण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २०(३) ने दिला आहे, तो वकिलाला विचारून वापरा. काही जप्त केले तर पंचनाम्याची प्रत मागा.

आणि मित्राच्या वकिलालाच तुमचाही वकील करू नका. मित्र म्हणेल, ‘याने दाखवले म्हणून मी झाडली.’ तुम्ही म्हणाल, ‘परवानगी त्याच्याकडे आहे असे मला वाटले.’ दोघांचे हित इथे वेगळे झाले आहे, वकीलही वेगळा हवा.