धुळ्याच्या उन्हात आणि हायवेवर हायब्रिड गाडी परवडते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धुळ्यात राहता, महिन्याला १२०० किलोमीटरच्या आसपास गाडी चालते, जुनी डिझेल काढायची आहे आणि शोरूमवाला हायब्रिडच घ्या म्हणून मागे लागलाय. फायदे-तोटे काय, आणि आपल्याकडच्या उन्हात बॅटरी टिकेल का?

मी जळगावचा. ठिबकच्या साहित्याचा धंदा आहे, त्यामुळे यावल, रावेर, चोपडा, अमळनेर असं सारखं फिरणं असतं. २०२३ मध्ये हायब्रिड घेतली, आजवर ७० हजार किलोमीटर झालेत. जे सांगतोय ते याच गाडीवरून.

आधी एक गोष्ट शोरूमवाल्याकडून पक्की करून घ्या. तो जी दाखवतोय ती 'स्ट्राँग हायब्रिड' आहे की 'माइल्ड'? दोन्हींच्या पाठीवर हायब्रिड लिहिलेलं असू शकतं, पण दोघींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माइल्डमध्ये छोटी मोटर इंजिनाला जरा हात देते, सिग्नलला इंजिन बंद-चालू करते, बस्स. ती मोटर एकटी गाडी ओढू शकत नाही. स्ट्राँगमध्ये गाडी काही अंतर निव्वळ मोटरवर जाते, इंजिन पूर्ण बंद. मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या दोन्ही गाड्या दोन्ही प्रकारांत येतात, म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका. पुढचं सगळं स्ट्राँगबद्दल आहे.

आता मुद्द्याचं. हायब्रिड पेट्रोल वाचवते ते गावात, हायवेवर फारसं नाही. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात उलटं बसलंय, कारण साधी गाडी हायवेला जास्त ॲव्हरेज देते. हायब्रिडचं तंत्र असं की ब्रेक लावला की मोटर जनरेटरसारखी फिरते, आणि एरवी ब्रेकच्या उष्णतेत वाया जाणारी ताकद बॅटरीत जाते. मग पुढच्या वेळी गाडी हलवायला तीच कामी येते. थांबा-निघा, थांबा-निघा जितकं जास्त, तितका फायदा जास्त. हायवेवर एकसारख्या १०० च्या वेगाने निघालात तर ब्रेकच लागत नाही, मग बॅटरीत भरणार काय? इंजिनच गाडी ओढत राहतं.

माझ्या गाडीचे आकडे देतो. जळगाव शहरात २४, कधी २५ पण मिळतं. भुसावळ-धुळे चौपदरीवर १०० ने गेलो की १९. कंपनीने जाहीर केलेला २७.९७ चा आकडा मला या तीन वर्षांत दिसलेला नाही.

तुमच्या १२०० किलोमीटरचा हिशोब म्हणूनच दोन तऱ्हेने करायला हवा. वर्षाचे झाले १४,४०० किलोमीटर, पेट्रोल १०५ रुपये धरू. समजा सगळं फिरणं धुळे शहरातलं, साधी पेट्रोल १२ देते आणि हायब्रिड २४. वर्षाला ६०० लिटर वाचलं, म्हणजे ६३ हजार रुपये. पण समजा फिरणं नाशिक-जळगाव हायवेचं, तिथे साधी १६ देते आणि हायब्रिड १९. मग वाचतात जेमतेम १४२ लिटर, १५ हजार रुपये. मी घेतली तेव्हा तशाच साध्या पेट्रोल गाडीत आणि हायब्रिडमध्ये ऑन-रोड ३ लाखांचा फरक होता. पहिल्या हिशोबाने तो पाच वर्षांच्या आत फिटतो. दुसऱ्या हिशोबाने वीस वर्षं लागतील, म्हणजे फिटतच नाही. सरकारकडून फार सवलतीची आशा धरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या जीएसटीत इलेक्ट्रिकला ५ टक्के आहे, पण ४ मीटरपेक्षा लांब हायब्रिडला मोठ्या पेट्रोल गाडीइतकाच, ४० टक्के.

उन्हाचं विचारलंत ते बरं केलंत, कारण पुण्या-मुंबईच्या रिव्ह्यूवाल्यांना मे महिन्यातला जळगाव ठाऊक नसतो. उष्णता लिथियम बॅटरीची शत्रू आहेच. पण हायब्रिडची बॅटरी छोटी असते, माझ्या गाडीत पाऊण युनिटच्या आसपास, आणि गाडी तिला कधी पूर्ण भरू देत नाही की पूर्ण रिकामी करू देत नाही. मधल्या पट्ट्यातच खेळवते, म्हणून ती टिकते. टोयोटा आणि मारुती दोघांची बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे. माझ्या बॅटरीला अजून काही झालेलं नाही. मात्र ४४-४५ डिग्रीला दुपारी उघड्यावर उभी केलेली गाडी काढली की पहिली दहा-पंधरा मिनिटं इंजिन बंदच होत नाही, आणि मे महिन्यात शहरातलं ॲव्हरेज २०-२१ वर येतं. याच उन्हात एक सुख मात्र आहे. रेल्वे फाटकाला थांबलो की इंजिन बंद, पण एसी चालूच, कारण कॉम्प्रेसर विजेवर चालतो. मागे आई बसलेली असते, तिला पंख्याची बारीक घरघर तेवढी ऐकू येते. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं, दोन-तीन मिनिटांत पुन्हा शांत.

एक काळजी कोणी सांगत नाही. बॅटरी थंड ठेवायला केबिनमधलीच हवा आत ओढली जाते आणि त्याची जाळी मागच्या सीटजवळ असते. पहिल्याच वर्षी कापसाच्या हंगामात मी जाळी काढून बघितली तर आत धूळ आणि रुईचे तंतू मिळून चक्क नमदा तयार झाला होता, बोटाने सालीसारखा सोलून निघाला. आता दर दोन महिन्यांनी मीच साफ करतो. त्या जाळीसमोर पिशव्या, पांघरुणं ठेवू नका.

आणि एक फजिती. वडील दवाखान्यात होते म्हणून गाडी तीन आठवडे चोपड्याला पाहुण्यांच्या वाड्यात उभी राहिली. निघायच्या दिवशी बटण दाबलं तर काहीच नाही, डॅशबोर्ड काळा ठिक्कर. मोठी बॅटरी भरलेली होती, उतरली होती ती छोटी १२ व्होल्टची. गाडीचा कॉम्प्युटर जागा होतो तो तिच्यावर, तिच्याशिवाय मोठी बॅटरी जोडलीच जात नाही. गावातल्या चांगल्या हाताच्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने बोनेट उघडलं, जाड नारिंगी वायरी बघितल्या आणि हात मागे घेतला. "भाऊ, याले मी हात नही लावस." बरोबरच होतं त्याचं, त्या वायरींत जिवावर बेतेल एवढा विजेचा दाब असतो. शेवटी कंपनीच्या माणसाला फोन लावून, तो सांगेल तसं, शेजारच्या गाडीवरून छोट्या बॅटरीला जंप दिला आणि गाडी जागी झाली. हा तोटा मला पेट्रोलच्या हिशोबापेक्षा मोठा वाटतो. डिझेल गाडी शिरपूर-साक्रीकडे कुठेही बंद पडली तर कोणी ना कोणी हात लावतो, हिच्यासाठी जळगाव किंवा धुळे गाठावं लागतं.

डिकी लहान होते, कारण बॅटरी तिथेच बसवलेली असते. जुन्या गाडीत ठिबकच्या नळ्यांची दोन बंडलं सहज मावायची, आता एकच आणि तीही सीट पाडून. सेकंड हँडला गिऱ्हाईक पहिला प्रश्न बॅटरीचाच विचारतं, त्यामुळे पाच वर्षांत विकायची असेल तर भाव पडून मिळेल असं धरून चाला.

मी तुमच्या जागी असतो तर महिनाभर डायरीत लिहिलं असतं, १२०० पैकी शहरातले किती आणि हायवेचे किती. निम्म्याहून जास्त शहरात असतील आणि गाडी आठ-दहा वर्षं वापरायची असेल तर बिनधास्त घ्या, मला माझ्या निर्णयाचा पश्चात्ताप नाही. हायवेच जास्त असेल तर साधी पेट्रोल घ्या आणि ३ लाख बँकेत ठेवा.

टेस्ट ड्राइव्ह सकाळच्या गारव्यात घेऊ नका. दुपारी बाराला मागा, घरचे चौघे बसवा, एसी लावा, ट्रिप मीटर शून्य करा, आणि आग्रा रोड ते देवपूर गर्दीतून काढून मग लळिंग घाट चढून-उतरून या. उतारावर गिअर 'बी'ला (म्हणजे गाडी आवळून धरणाऱ्या, उतारासाठीच्या खुणेला) टाकून बॅटरीचा काटा किती चढतो ते बघा, आणि चढावर इंजिन किती ओरडतं तेही. तो आवाज पहिल्या दिवशी मलाही खटकला होता.