साध्या युजरवरच काम चालतं, तरी ‘एलिव्हेशन ऑफ प्रिव्हिलेज’चे अपडेट टाकायलाच हवेत का?

हवेत. डिचोलीतल्या तुमच्या पतसंस्थेत काउंटरवर सगळ्यांना साधं युजर खातं आहे आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड एकट्या मॅनेजरकडे, हे उत्तमच. निम्मी डोकेदुखी तिथेच मिटते. पण ‘एलिव्हेशन ऑफ प्रिव्हिलेज’ म्हणजे कमी अधिकाराच्या खात्याला वरचे अधिकार मिळवून देणारी त्रुटी, आणि ती नेमकी साध्या खात्यावरूनच वापरतात. पासवर्ड कुणी विचारतच नाही.

विंडोजमधली प्रिंट स्पूलर सर्व्हिस घ्या, प्रिंटची कामं रांगेत लावून प्रिंटरकडे पाठवणारी. ती ‘सिस्टिम’च्या अधिकाराने चालते, म्हणजे अ‍ॅडमिनपेक्षाही वरचढ. 2021 च्या जुलैत गाजलेल्या प्रिंटनाइटमेअर या त्रुटीत साध्या युजरला प्रिंटरचा ड्रायव्हर म्हणून वाटेल ती डीएलएल फाइल (दुसऱ्या प्रोग्रॅमने लोड करून चालवायचा कोड) स्पूलरच्या गळ्यात मारता यायची. स्पूलरने ती निमूट लोड केली की आतला कोड सिस्टिम म्हणून धावला! ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने नियमच बदलला: ड्रायव्हर टाकायला अ‍ॅडमिन हवा. म्हापसा-पणजीतली काही ऑफिसं मी सांभाळतो, तिथून लगेच फोन सुरू, “प्रिंटर पासवर्ड मागता!” मागू दे म्हटलं.

लिनक्सवाल्यांनीही हसू नये. पीकेएक्झेक या, दुसऱ्या युजरच्या अधिकाराने प्रोग्रॅम चालवून देणाऱ्या टूलमधली पळवाट 2009 पासून पडून होती, क्वालिस या सुरक्षा कंपनीने ती 2022 च्या जानेवारीत उघड केली. एकही आर्ग्युमेंट (कमांडसोबत दिलेला शब्द) न देता, अगदी स्वतःच्या नावाशिवाय चालवला, की हा प्रोग्रॅम मेमरीत शेजारी असलेले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सच (प्रोग्रॅमला मिळणारी सेटिंग्ज) आर्ग्युमेंट समजायचा. तेवढ्यावर रूट, म्हणजे लिनक्समधला सर्वोच्च अधिकार, मिळायचा.

“पण आमच्या खुर्चीत बाहेरचा येऊन बसणार कसा?” असं तुम्ही विचारलंय. बसायची गरजच नाही. काउंटरवर कुणी मेलमधलं खोटं बिल उघडलं, की तो कोड त्या कर्मचाऱ्याच्या अधिकाराने चालू होतो. तोवर नुकसान त्या कर्मचाऱ्याच्या फाइलींपुरतं. अशी एक त्रुटी हाती लागली की मात्र अँटिव्हायरस बंद, त्या मशीनवर लॉगिन केलेल्या मॅनेजरचा पासवर्ड चोरीला आणि मोर्चा सर्व्हरकडे. मायक्रोसॉफ्ट यांतल्या बहुतेकांवर ‘क्रिटिकल’ऐवजी एक पायरी खालचा ‘इम्पॉर्टंट’ शिक्का मारते, म्हणून लोक पुढे ढकलतात. मला ते पटत नाही.

अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे रात्री उशिरा. एका मशीनवर टाकून दिवसभर पासबुक प्रिंटर नीट चालतोय ना बघा, मग बाकीच्यांवर टाका. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, तेव्हा ती मशीन आधी शोधा. आणि सर्व्हरवरून प्रिंट काढत नसाल तर त्यावरचा स्पूलर आजच डिसेबल करा.