‘फूटप्रिंट’ म्हणजे पाऊलखूण नव्हे

गुहागरकडच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. देशाने नैसर्गिक साधनं किती वापरली आणि निसर्गाने किती पिकवली, याचा भारताचा 1961 पासूनचा तक्ता त्या नववीच्या मुलांसाठी मराठीत करताहेत. त्यातल्या ‘इकॉलॉजिकल फूटप्रिंट’ या रकान्यावर काय लिहावं? वर्तमानपत्रांत त्यांना पाऊलखुणा, पदचिन्ह आणि ठसा असे तीन शब्द सापडले.

ताई, मला विचाराल तर तिन्ही नकोत. लोक जे वापरतात ते पिकवायला आणि त्यांचा कार्बन शोषायला किती जमीन आणि समुद्र लागतो, ते हा रकाना सांगतो, म्हणून त्यातला आकडा हेक्टरमध्ये असतो. आता वाक्य करून बघा: ‘भारतीय माणसाच्या पाऊलखुणा सुमारे 1 हेक्टर आहेत.’ काही बोध होतो का? शिवाय मराठीत पाऊलखुणा असतात इतिहासाच्या, कुणीतरी येऊन गेल्याच्या. त्यांत आठवण आहे, थोडा जिव्हाळाही आहे. पदचिन्ह तर पूजनीय. ज्याच्या मागून जायचं त्याचं. आणि ठसा आपण उमटवतो तो कर्तृत्वाचा. ‘भारताचा ठसा वाढला’ हे शीर्षक वाचून मुलं टाळ्या वाजवतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

मूळ शब्दाचा जन्म पाहिला की गाठ सुटते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले विल्यम रीस आणि त्यांचे विद्यार्थी मॅथिस वॅकरनॅगेल यांनी 1990 नंतरच्या काही वर्षांत ही मोजणी बांधली. रीस यांचं आधीचं नाव बोजड होतं. ‘बळकावलेली धारणक्षमता’ असं काहीसं त्याचं मराठी होईल; धारणक्षमता म्हणजे एखादी जागा किती जीव पोसू शकते ते. मग त्यांच्याकडे नवा संगणक आला. तो टेबलावर जागा कमी अडवतो, हे सांगताना इंग्रजीत ‘फूटप्रिंट’ हाच शब्द वापरतात. तो त्यांना सापडला आणि 1992 च्या लेखात आला. म्हणजे त्यात पाऊल नावालाच आहे, अर्थ आहे अडवलेल्या जागेचा.

अडवलेल्या जागेसाठी आपल्याकडे ‘व्यापणे’ आहे, आणि त्यातून ‘व्याप’. संसाराचा व्याप आपण रोज म्हणतो, तो वाढतो, आवरतो, झेपतो किंवा झेपत नाही. या रकान्याला हवं ते सगळं या क्रियापदांत आहे. म्हणून माझा शब्द: निसर्गव्याप. ‘भूव्याप’ही सुचला होता, पण हिशेबात समुद्रही येतो, तेव्हा नुसती भू पुरत नाही.

हा हिशेब कोकणाला परका नाही, हे मुलांना जरूर सांगा. संगमेश्वर तालुक्यात माझ्या आजोळी भाताचं शेत होतं काही गुंठ्यांचं, पण त्याच्यामागे डोंगरउताराची वरकस जमीन होती. थंडीत तिथल्या ऐन-किंजळाची कवळं, म्हणजे पानांसकट डहाळ्या, तोडून, भारे बांधून ठेवायचे. पावसाआधी भाजावळ, म्हणजे रोपांची जमीन भाजून घेणं. रोपं करायच्या तुकड्यावर खाली शेण, त्यावर कवळ, मग पातेरा आणि गवत, वरून बारीक मातीचा हात, आणि वाऱ्याच्या उलट बाजूने आग लावायची, म्हणजे ती धावत न सुटता धुमसत जाते. शेण गुरांचं, आणि गुरं चरणार माळावर. आजोबा शेत दाखवताना हात मात्र डोंगराकडे करायचे. भाताच्या एका चोंड्याचा खरा व्याप बांधापाशी संपत नाही, हे त्यांना तक्त्यावाचून ठाऊक होतं.

दुसरी अडचण ‘ग्लोबल हेक्टर’ची. ‘जागतिक हेक्टर’ लिहा, पण खाली एक ओळ द्या, नाहीतर मुलं त्याला जमिनीचा साधा मोजलेला हेक्टर समजतील. जगातल्या सरासरी उत्पादकतेचा एक हेक्टर, असा त्याचा अर्थ. कसदार जमिनीचा एक हेक्टर इथे एकापेक्षा जास्त भरतो, खडकाळ कातळाचा कमी. हेही आपल्याला नवं नाही. ‘आमची खंडीची शेती’ म्हणणारा माणूस क्षेत्रफळ सांगतच नसतो, पीक सांगत असतो. खंडी म्हणजे 20 मण. जमीन तिच्या उपजेने मोजायची ही रीत मुलांच्या आजीला विचारली तरी कळेल.

‘पाऊलखुणा’ का नको याचं सगळ्यात ठोस कारण मात्र हापूस आहे. हा हिशेब जो वापरतो त्याच्या नावावर पडतो: देशात पिकलेलं, अधिक आयात, वजा निर्यात. रत्नागिरीची पेटी दुबईत फुटली तर ती बाग, तिचं खत, तिची वाहतूक यांचा व्याप तिकडच्या खात्यावर जातो. कलमं इथे, खुणा इथल्या मातीत, आणि आकडा तिकडे. खूण म्हटलं की मुलं ती इथेच शोधणार.

मासळीचंही तसंच. मासेमारीचं क्षेत्र मोजताना नुसतं वजन धरत नाहीत. तो मासा पोसायला समुद्रात मुळात किती वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, लागलं ते धरतात. अन्नसाखळीच्या एकेका पायरीवर साधारण दहावा हिस्साच वर पोचतो. तारली प्लवकावर जगते, सुरमई लहान मासे खाते. तेव्हा किलोभर सुरमईचा व्याप किलोभर तारलीच्या कितीतरी पट. हे उदाहरण वर्गात द्याच, सगळ्यांच्या घरात दोन्ही शिजतात.

बाकीचे रकाने सोपे आहेत. ‘बायोकपॅसिटी’ला, म्हणजे निसर्ग जे पिकवू शकतो त्याला, जैवक्षमता रुळला आहे, तो राहू द्या, धारणक्षमता ही वेगळी कल्पना, ती इथे मिसळू नका. ‘डेफिसिट’ला तूट आणि ‘रिझर्व्ह’ला शिल्लक, हे तर आपल्या चोपडीतले जुने शब्द. ‘कार्बन’च्या रकान्यावर ‘कार्बन शोषायला लागणारं जंगल’ असं लांब लिहिलं तरी चालेल, कारण जगाच्या एकूण व्यापात निम्म्याहून मोठा वाटा आज त्याचाच आहे आणि नेमकं तेच जंगल बोट दाखवून दाखवता येत नाही. ‘ओव्हरशूट’साठी मी ‘उचल’ वापरेन. नव्या हंगामाच्या तोंडावर होडीवरचा खलाशी मालकाकडून घेतो ती उचल. पुढच्या कमाईतलं आज घेतलेलं. जग अशी उचल 1970 नंतर दरवर्षी घेत आलं आहे.

भारताच्या ओळी वाचताना ‘एकूण’ आणि ‘दरडोई’ हे दोन शब्द ठळक करा. 1961 मध्ये आपण 45 कोटींच्या आत-बाहेर होतो, आज 140 कोटींच्या वर. एकरी पीक वाढल्याने देशाची एकूण जैवक्षमता वाढली, तरी माणशी वाटा घटला. आज तो व्यापाच्या निम्म्याहूनही कमी आहे. ‘क्षमता वाढली’ आणि ‘क्षमता घटली’ ही दोन्ही वाक्यं एकाच तक्त्यातून खरी निघतात, आणि नववीतली मुलं इथेच अडखळतील.

एक विचारायचं राहिलं. भाजावळीला आमच्याकडे भाजावळच म्हणतात, रायगडाकडे राब. गुहागरच्या खाडीपट्ट्यात तिसरा शब्द आहे का? मुलांना घरी विचारायला सांगा आणि मला कळवा.