सायबरपंक २०७७ मध्ये नेटरनर खेळायचा तर काय घ्यावं आणि काय वाढवावं?

तुम्ही विचारलंय की नेटरनर म्हणून, म्हणजे मुख्यतः हॅकिंगने लढत खेळायचंय, पण दोन-तीन हॅक टाकले की रॅम (हॅक टाकायला खर्च होणारी ताकद) संपते आणि मग भिंतीआड पळापळ होते. तर चांगला सायबरडेक (अंगात बसवायचं हॅकिंगचं यंत्र) कोणता आणि कौशल्यं कोणती वाढवायची? डेकबद्दल खाली सांगतो, पण तुमची अडचण मुळात डेकची वाटत नाही. रॅम कुठे खर्च होते, तिथे खरी गडबड आहे.

आधी एक गोष्ट. मी लिहितोय ते सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या २.० पॅचनंतरच्या (मोठ्या अपडेटनंतरच्या) गेमबद्दल. गेम डिसेंबर २०२० मध्ये आला, आणि त्या सुरुवातीच्या काळातले व्हिडिओ अजून सर्चमध्ये वर येतात. त्यातले पर्क (पॉइंट घालून मिळणाऱ्या क्षमता), त्यांची नावं, आकडे, सगळं नंतर बदललं. तारीख बघूनच सल्ला घ्या.

नेटरनरचा दारूगोळा म्हणजे रॅम. डेक आणि सायबरवेअर (अंगात बसवायचे भाग) निवडताना पहिला प्रश्न हाच: याने रॅम वाढते का, लवकर भरते का, की कमी लागते? सायबरवेअरमधल्या फ्रंटल कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या) जागा यासाठीच राखून ठेवा. एक्स-डिस्कने एकूण रॅम वाढते, कॅमिलो रॅम मॅनेजर ती तळाला गेली की थोडी भरून देतो, मेमरी बूस्ट शत्रू पडला की परत देतो. पैसे कमी असतील तर आधी एक्स-डिस्क. २.० पासून सायबरवेअरला कपॅसिटीची मर्यादा आहे, त्यामुळे रिपरडॉककडे (सायबरवेअर बसवणाऱ्या डॉक्टरकडे) जाऊन दिसेल ते बसवून घेता येत नाही. ऑपरेटिंग सिस्टीमची जागाही एकच. तिथे सायबरडेक बसवलात की त्याच जागी बसणारे सँडेविस्टान (वेळ मंद करणारं) आणि बर्सर्क (मारामारीची ताकद वाढवणारं) दोन्ही विसरा.

डेक घेताना नावावर जाऊ नका. कार्डावर तीन आकडे बघायचे: रॅम किती, बफर (ब्रीच प्रोटोकॉलमध्ये किती कोड निवडता येतात) किती, क्विकहॅकच्या (शत्रूवर टाकायच्या हॅकच्या) जागा किती. अरासाका, टेट्राट्रॉनिक, नेटवॉच अशा प्रत्येकाच्या डेकचा कल वेगळा असतो, पण सुरुवातीला त्याने फार फरक पडत नाही. मिलिटेकच्या पहिल्या डेकवरून जरा मोठ्या रॅमच्या डेकवर गेलात की खेळ लगेच सुटसुटीत होतो.

आता खर्चाकडे. समजा एका गोदामाच्या आवारात पाच-सहा जण आहेत. नवा खेळाडू पहिल्या दिसलेल्या माणसावर ओव्हरहीट टाकतो, तो जळायला लागतो, बाकीचे सावध होतात, ट्रेस (तुमचा माग काढणं) सुरू होतो आणि रॅम निम्म्यावर. त्याऐवजी आधी कोपऱ्यातला कॅमेरा ताब्यात घ्या. त्यातून एकाला पिंग करा, म्हणजे त्याच नेटवर्कवरची माणसं आणि उपकरणं दिसू लागतात. त्यांच्यात कोणी नेटरनर असेल तर पहिला नंबर त्याचा, कारण तो तुमच्यावरच हॅक टाकणार. बाकीच्यांपैकी जो एकटा उभा आहे त्याला गुपचूप उरका. घोळक्यासाठी कंटेजियन, कारण तो एकाकडून दुसऱ्याकडे पसरतो आणि एकाच हॅकच्या खर्चात तीन-चार जण सापडतात. रोबो किंवा ड्रोन असतील तर शॉर्ट सर्किट, त्यांच्यावर त्याचा मारा जास्त बसतो. अंगावर धावून येणाऱ्याला मारत बसण्यापेक्षा रीबूट ऑप्टिक्सने थोडा वेळ आंधळा करणं परवडतं. प्रत्येकाला हॅकनेच मारायचं असं कुणी सांगितलंय?

ब्रीच प्रोटोकॉल, म्हणजे नेटवर्क फोडायचं कोडं, बरेच जण कंटाळून सोडून देतात. सोडू नका. आकड्यांच्या चौकटीत पहिला कोड वरच्या ओळीतून घ्यायचा, मग त्याच्या उभ्या रांगेतून, मग पुन्हा आडव्या, असं आलटून पालटून. घड्याळ पहिला कोड निवडल्यावरच सुरू होतं, त्यामुळे आधी शांतपणे सगळा रस्ता डोळ्यांनी आखून घ्या. आणि दोन मालिका एकमेकींत अडकतात का ते बघा: एक ‘बीडी’ (BD) या कोडवर संपत असेल आणि दुसरी बीडीने सुरू होत असेल, तर तो बीडी एकदाच लागतो आणि बफरमधली एक जागा वाचते. कोडं सोडवून आइसपिक हे बक्षीस मिळालं तर हॅकचा रॅम-खर्च कमी होतो. ॲक्सेस पॉइंटवर (नेटवर्कला जोडायच्या यंत्रावर) डेटामाइन केलंत तर पैसे आणि हॅकिंगचं साहित्य मिळतं. सुरुवातीच्या गरिबीत हाच मोठा आधार.

कौशल्यांत इंटेलिजन्स हे ॲट्रिब्यूट (पात्राचा मूळ गुण) बाकी सगळ्याच्या आधी. ९ वर हॅक क्यू मिळतो, म्हणजे एकाच माणसावर ओळीने हॅक लावता येतात. १५ वर ओव्हरक्लॉक. माझ्या मते नेटरनर खऱ्या अर्थाने सुरू होतो तो इथे. ओव्हरक्लॉक चालू असताना रॅम संपली तरी हॅक टाकता येतात, फक्त किंमत तुमच्या हेल्थमधून कापली जाते. म्हणून दुसरं ॲट्रिब्यूट निवडताना हेल्थचा विचार हवा. टेक्निकल ॲबिलिटी घेतलीत तर हेल्थच्या वस्तू आणि सायबरवेअर दोन्हीकडे फायदा, बॉडी घेतलीत तर मुळात जीव जास्त. लपूनछपून खेळणाऱ्याला कूल चांगलं, पण मग ओव्हरक्लॉक जपून वापरावं लागेल. मी स्वतः टेक्निकल ॲबिलिटी घेतो. रिफ्लेक्सेसमध्ये नेटरनरने पॉइंट घालू नयेत, असं माझं मत आहे. लोक भांडतील, भांडू देत.

हातात काहीतरी हवंच. स्मार्ट बंदुका इंटेलिजन्सच्याच झाडाखाली येतात आणि त्यांच्या गोळ्या लक्ष्यामागे वळतात, मात्र त्यासाठी हातात स्मार्ट लिंक बसवलेली असावी लागते. ती नसताना स्मार्ट बंदूक घेऊन ‘नेम लागत नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. जवळून लढायचं तर मोनोवायर (हातातून निघणारी धारदार तार), तिचंही नातं इंटेलिजन्सशीच आहे. शत्रूच्या नेटरनरचा जाच होत असेल तर सेल्फ-आइस बसवा, तो येणारा हॅक अडवतो आणि मग थोडा वेळ थंड पडतो.

फँटम लिबर्टी (गेमचा वेगळा विकत मिळणारा विस्तार) घेतलं असेल तर मिलिटेक कँटो नावाचा डेक आहे, ब्लॅकवॉल गेटवे या खास हॅकसकट. तो कथेच्या एकाच फाट्यावर मिळतो. कोणत्या, ते सांगून मजा घालवत नाही.

शेवटचं, पॉइंट घालायच्या आधी वाचा: पर्क हवे तेव्हा काढून दुसरीकडे लावता येतात, पण ॲट्रिब्यूट पूर्ण परत फिरवायची संधी एकदाच आहे. ती पहिल्या काही तासांत वाया घालवू नका.