बिबट्याच्या बाजूची की मामाच्या?

पर्यावरणाचं काम करणाऱ्या संस्थेत जनसंपर्काची नोकरी मिळाली आणि रुजू होण्याआधीच झोप उडाली, असं सांगत समुपदेशनासाठी येणारी तरुण मंडळी माझ्याकडे हल्ली बरीच असतात. सगळ्यांची काळजी साधारण एकच असते. 'मला यातलं काही कळत नाही, मी तिथे जाऊन बोलणार काय?' यातल्या एका मुलीबद्दल तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती तिशीच्या आतली होती. पुण्यात गृहप्रकल्पांच्या प्रसिद्धीचं काम बरीच वर्षं केलं, मग मन उठलं. जुन्नरच्या ऊसपट्ट्यात माणूस आणि बिबट्या यांच्यातल्या संघर्षावर काम करणाऱ्या एका संस्थेत तिने अर्ज केला आणि निवडही झाली. पगार कमी होता, तो तिने विचार करून स्वीकारला होता. तरी रात्री दोनला जाग यायची आणि मोबाईल वाजला की छातीत धडधडायचं.

पहिल्या भेटीत ती जाडजूड वही घेऊन आली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, बिबट्या आहे, अकोले भागात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी शेतशिवारात राहणाऱ्या बिबट्यांचा अभ्यास केला, ऊस वर्षभर उभा राहतो म्हणून मादी त्यातच पिल्लं घालते, असं बरंच काही त्यात टिपलेलं होतं. 'तरी मला काही येत नाही,' असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. एवढा अभ्यास केलेल्या माणसाची काळजी आणखी वाचून जात नसते. म्हणून मी वहीचा विषय सोडला आणि घरी काय वाटतं ते विचारलं.

ती गप्प झाली. मग हळूहळू बोलली. तिचा मामा जुन्नर तालुक्यातला, ऊस लावणारा. मागच्या हिवाळ्यात त्याच्या गोठ्यातली कालवड बिबट्याने नेली. शेजारच्या वस्तीवरच्या एका लहान मुलावर हल्ला झाला होता. नोकरीचं कळल्यावर आई म्हणाली, "अगं, तिकडे लोकांच्या लेकरांच्या जिवावर उठलंय ते जनावर आणि तू त्याचीच जाहिरात करणार?" त्या दिवसापासून तिने मामाला फोनच केला नव्हता.

तिच्या अस्वस्थतेचं मूळ मला इथे दिसलं. आपलं ज्ञान कमी पडेल ही भीती होती, पण ती वरवरची. आत होतं ते असं, की या नोकरीत कुणाची तरी बाजू घ्यावी लागणार आणि ती घेतली की आपलं एक माणूस तुटणार. आधीच्या नोकरीत तिला एकच सवय लागली होती. प्रश्न यायच्या आत उत्तर तयार हवं आणि ते कंपनीच्या फायद्याचं हवं. तीच सवय इथे आणली, तर एखादं मूल दगावल्यावरही तिला संस्थेची बाजू मांडत बसावं लागलं असतं. त्या कल्पनेनेच तिला धडकी भरत होती. मला तर ही भीती तिच्या भलेपणाची खूण वाटली आणि मी तसं तिला सांगितलंही.

पुढच्या भेटीत आम्ही एक सराव केला. मी बातमीदार झाले. "मॅडम, ओतूरकडे हल्ला झालाय म्हणतात, तुमची संस्था काय म्हणते? दहा मिनिटांत बातमी द्यायचीय." तिने भराभर तीन अंदाज सांगितले: मादी असेल, जवळ पिल्लं असतील, ऊसतोड चालू असेल. आवाज चढला, श्वास अपुरा पडायला लागला. थांबवून मी म्हणाले, "यातलं खरं काय, ते तुला माहीत आहे?" तिने नकारार्थी मान हलवली. मग आम्ही एकच वाक्य घोटलं. 'आत्ता माझ्याकडे खात्रीची माहिती नाही. वन विभागाशी आणि आमच्या गावातल्या माणसांशी बोलून तुम्हाला कळवते.' पहिल्यांदा हे म्हणताना तिचा चेहरा कसनुसा झाला, जणू गुन्हाच कबूल करतेय. पाच-सहा वेळा म्हटल्यावर खांदे खाली आले.

शिवाय तिला एक काम दिलं. मामाला फोन करायचा. समजावायचं काहीच नाही, नुसतं विचारायचं की तुला या संस्थेला काय विचारावंसं वाटतं.

मामा तासभर बोलला. त्याचे प्रश्न तिने वहीच्या मागच्या पानावर उतरवून आणले. पिंजऱ्यात धरलेला बिबट्या नेऊन सोडता कुठे? शेताला वीज रात्रीची मिळते, तर पाणी धरायला एकट्याने जायचं कसं? ऊसतोडीत पिल्लं सापडली की फोटो काढायला गर्दी जमते, तिला कोण आवरणार?

हे प्रश्न वाचताना तिला जाणवलं, की वहीतल्या पुढच्या पानांवरची माहिती यांच्यासाठीच तर हवी होती. 2001 ते 2003 या काळात जुन्नर भागात बरेच बिबटे धरून दुसरीकडे सोडले गेले आणि सोडलेल्या ठिकाणांच्या आसपास हल्ले वाढले, हे संशोधनातून पुढे आलेलं आहे. धरलेले बिबटे ठेवण्यासाठी जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्र आहे, पण त्याला जागेची मर्यादा आहे. सापडलेली पिल्लं त्याच शेतात संध्याकाळी क्रेटमध्ये ठेवली, तर आई बहुतेक वेळा येऊन घेऊन जाते, गर्दी मात्र हटावी लागते. दिवसा वीज द्या ही तर शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे, आणि तिचा बिबट्याशी असलेला संबंध शहरातल्या वाचकांच्या क्वचितच लक्षात येतो. तो दाखवून देणं हे जनसंपर्काचंच काम आहे. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम तेच आहे.

रुजू होताना तिने संस्थेच्या प्रमुखांकडे दोन गोष्टी मागितल्या. सुरुवातीचे काही आठवडे कार्यालयात न बसता गावांत जायचं, वनरक्षकांबरोबर आणि वस्त्यांवर फिरायचं. आणि माणूस दगावला, तर संस्थेतलं कुणीतरी घरच्यांना भेटून येईपर्यंत संस्थेच्या नावाने काहीही छापायला द्यायचं नाही. पहिली गोष्ट लगेच मान्य झाली. दुसरीवर थोडी चर्चा झाली, कारण तेवढ्या वेळात अफवा पसरतात. शेवटी ठरलं की लोकांनी तातडीने घ्यायची काळजी लगेच कळवायची: रात्री टोळीने बाहेर पडा, हातात बॅटरी ठेवा, शेतात वाकून काम करताना जवळ कुणीतरी असू द्या, लहान मुलांना एकटं सोडू नका. बाकी सगळं भेटीनंतर.

तिच्यासारख्या अवस्थेत असलेल्यांना इथे एक सांगायला हवं. झोप आठवडेच्या आठवडे मोडत असेल, जेवण जात नसेल, कामावर जायच्या विचाराने हात थरथरत असतील, तर नवी नोकरी आहे, होईल सवय, असं म्हणून थांबू नका. डॉक्टरांना भेटा. या मुलीची झोप काही आठवड्यांत सुधारली, म्हणून आम्हाला तिकडे वळावं लागलं नाही.

ती आता अधूनमधून येते. हल्ल्याची बातमी आली की तिला अजूनही त्रास होतो आणि मला ते साहजिक वाटतं. मामाचं मत बदललेलं नाही, बिबटे धरून न्यावेत असंच तो म्हणतो. पण आजूबाजूच्या वस्त्यांवर काही झालं, की तिला पहिला फोन त्याचाच येतो.